तुंबलेले पित्त आणि हायड्रोजनचे पाणी

‘हायड्रोजन वॉटर’च्या बाटल्या आता आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारातही मिळू लागल्या आहेत. बटण दाबले की तळातून बारीक बुडबुडे उठतात, निळा दिवा लागतो आणि काही मिनिटांत साधे पाणी ‘औषधी’ होते, असा दावा असतो. किंमत हजारांच्या घरात. जाहिरातीत यकृताची सफाई, शरीरातील विषारी घटकांचा निचरा, पेशींचे तारुण्य असे सगळे काही असते आणि खाली हमखास एक ओळ असते: शास्त्रीय संशोधनाने सिद्ध.

अशा बहुतेक उत्पादनांच्या बाबतीत ही शेवटची ओळ निव्वळ थाप असते. हायड्रोजनचे तसे नाही. त्याच्यावर खरोखरच संशोधन झाले आहे, ते नामवंत नियतकालिकांत छापूनही आले आहे. त्यातला एक भाग थेट यकृताशी, त्यातही पित्तनलिका तुंबल्यामुळे होणाऱ्या काविळीशी संबंधित आहे. म्हणूनच तो नीट वाचायला हवा. ‘संशोधन आहे’ आणि ‘उपचार आहे’ या दोन वाक्यांत मोठे अंतर असते. अडथळ्याच्या काविळीत ते अंतर विसरले, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

पित्त म्हणजे आम्लपित्त नव्हे

‘पित्त झालंय’ असे आपण म्हणतो तेव्हा आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकेदुखी असे काही तरी मनात असते. तो बहुतेकदा जठरातील आम्लाचा त्रास असतो. वैद्यकशास्त्रातील पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा द्रव. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवते. ते बारीक नलिकांतून मोठ्या नलिकांत येते, जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशयात साठते आणि अन्न पुढे सरकले की मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. ही मुख्य नलिका जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद असते आणि तिचा शेवटचा टप्पा स्वादुपिंडाच्या डोक्यातून जातो.

पित्ताची कामे दोन. पहिले, त्यातील पित्ताम्ले साबणासारखे काम करून तूप-तेल पचनासाठी फोडतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शिरतात ती त्यांच्याच मदतीने. दुसरे काम कचरा बाहेर टाकण्याचे. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडीत निघतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते आणि ते पित्तावाटे आतड्यात जाते. शौचाचा नेहमीचा पिवळसर तपकिरी रंग या बिलिरुबिनचीच देणगी.

ही वाट बंद झाली की चित्र पालटते. बिलिरुबिन रक्तात साठते, डोळे आणि त्वचा पिवळी पडते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडू लागते आणि लघवी बिनदुधाच्या चहासारखी गडद होते. आतड्यात मात्र ते पोहोचत नाही, म्हणून शौचाचा रंग उडून ती शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते. अंगभर खाज सुटते, अगदी झोप उडवणारी. गडद लघवी, पांढुरकी शौच आणि खाज ही तीन लक्षणे एकत्र आली की डॉक्टरांच्या मनात ‘अडथळा’ हा शब्द पहिल्यांदा येतो.

अडथळ्याची कारणे अनेक. पित्ताशयातून घसरून नलिकेत अडकलेला खडा हे सर्वांत नेहमीचे. स्वादुपिंडाच्या डोक्याचा, पित्तनलिकेचा किंवा पित्ताशयाचा कर्करोग हे सर्वांत धास्तीचे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर नलिका आकसणे, बाहेरून गाठींचा दाब येणे, क्वचित नलिकेत शिरलेला जंत हीही कारणे असतात. नवजात बाळांत पित्तनलिका मुळातच बुजत जाण्याचा एक आजार असतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

तुंबल्यावर काय बिघडते

रंग पिवळा होणे हा या आजाराचा दिसणारा भाग. खरे नुकसान आत चालते. पित्ताम्ले आतड्यात उपयोगी असतात, यकृतात साठली की तीच घातक ठरतात. साबण जसा तेलाचा थर विरघळवतो, तशी ती पेशींच्या स्निग्ध आवरणाला इजा करतात. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचे काम बिघडते आणि त्यातून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील अवतार, म्हणजे ‘फ्री रॅडिकल्स’, प्रमाणाबाहेर तयार होतात. ते समोर येईल त्या रेणूवर हल्ला करतात: पेशीचे आवरण, प्रथिने, अगदी डीएनएसुद्धा. यालाच ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात.

दुसरी आघाडी आतड्यात उघडते. पित्त न पोहोचल्याने तिथल्या जीवाणूंचा समतोल ढळतो, आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि जीवाणूंच्या कवचातील विषारी घटक रक्तात झिरपू लागतात. ते गाळून घेण्याचे काम यकृतातील संरक्षक पेशींचे. पण यकृतच थकलेले असते. परिणामी सर्वांगात दाह वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. के जीवनसत्त्व शोषले न गेल्याने रक्त गोठायला वेळ लागतो. साचलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप, पोटदुखी आणि कावीळ अशी त्रयी दिसते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही स्थिती तासांच्या हिशेबात जिवावर बेतू शकते.

हे सगळे लक्षात घेतले की एक प्रश्न साहजिक वाटतो. नुकसानाचा मोठा वाटा फ्री रॅडिकल्सचा असेल, तर त्यांना निष्प्रभ करणारे काही देऊन यकृत वाचवता येईल का? हायड्रोजन या कथेत शिरतो तो या प्रश्नाच्या दारातून.

निरुपद्रवी वायूची नवी ओळख

हायड्रोजन हा विश्वातील सर्वांत हलका वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले तर ठिणगी पडताच तो पेट घेतो. शरीरासाठी मात्र तो बराच काळ ‘असून नसल्यासारखा’ मानला गेला. आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणू न पचलेल्या कर्बोदकांपासून तो रोजच बनवतात. त्यातला काही रक्तात मिसळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दूध पचत नसल्याचे निदान करण्यासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी याच तत्त्वावर चालते.

त्याचा औषध म्हणून विचार अगदी नवा नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील माल्कम डोल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्वचेच्या गाठी असलेल्या उंदरांना त्यांनी आठ वातावरणांच्या दाबाखाली, ९७.५ टक्के हायड्रोजन आणि २.५ टक्के ऑक्सिजन अशा मिश्रणात ठेवले होते. गाठी आकसल्या, पण एवढ्या दाबाची ज्वालाग्राही कोठी रुग्णालयात कोण उभारणार? विषय मागे पडला.

त्याला पुन्हा जाग आली ती २००७ मध्ये. जपानमधील निप्पॉन मेडिकल स्कूलच्या शिगेओ ओहता यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवले, की मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेल्या उंदरांना अवघे दोन ते चार टक्के हायड्रोजन हुंगवले तर मेंदूची हानी कमी होते. त्यांचा दावा मोठा आकर्षक होता. फ्री रॅडिकल्सपैकी काही शरीराला हवे असतात. जंतूंशी लढायला आणि पेशींमधील निरोप पोहोचवायला ते लागतात. हायड्रोजन त्यांना हात लावत नाही. हायड्रॉक्सिलसारख्या सर्वांत विध्वंसक घटकांनाच तो निवडून संपवतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय रेणू इतका लहान, की तो पेशींच्या आवरणातून सहज आरपार जातो. पाहता पाहता हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, आतडे, यकृत अशा प्रत्येक अवयवावर प्रयोग सुरू झाले.

या स्पष्टीकरणावर रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेपही सांगायला हवा. हायड्रॉक्सिल हा इतका उतावळा घटक आहे, की तो शेजारच्या कोणत्याही रेणूशी क्षणार्धात भिडतो. हायड्रोजनशी त्याची अभिक्रिया त्या मानाने अनेक पटींनी मंद असते आणि पेशीत हायड्रोजनही फार थोडा असतो. म्हणजे हायड्रोजनला गाठण्यापूर्वीच हायड्रॉक्सिलने दुसरे कोणाला तरी गाठलेले असणार. हायड्रोजनचा परिणाम खरा असेल, तर तो अन्य मार्गांनी, पेशीतील संरक्षक यंत्रणा जागी करून होत असावा, असे अनेक संशोधकांचे आजचे मत आहे. औषध नेमके कुठे काम करते, हेच वादात असण्याची ही स्थिती आहे.

बांधलेली पित्तनलिका

अडथळ्याच्या काविळीचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत एक जुनी पद्धत आहे. उंदराला भूल देऊन त्याची मुख्य पित्तनलिका धाग्याने बांधायची. काही दिवसांत कावीळ होते, यकृताला सूज येते आणि आठवड्यांच्या हिशेबात त्यात तंतू वाढून ते कडक होऊ लागते.

चीनमधील संशोधकांनी हीच पद्धत वापरून केलेला प्रयोग २०१० मध्ये ‘लिव्हर इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५६ मोठ्या प्रयोगशाळेतील उंदरांचे चार गट केले होते. पहिल्या गटात फक्त पोट उघडून बंद केले, नलिका बांधली नाही. उरलेल्या तिन्ही गटांत नलिका बांधली. त्यातील एका गटाला साधे सलाइन, दुसऱ्याला हायड्रोजन विरघळवलेले सलाइन कमी मात्रेत आणि तिसऱ्याला तेच दुप्पट मात्रेत दिले. मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे ५ आणि १० मिलीलिटर आणि ती सुईने थेट पोटाच्या पोकळीत दिली जात होती. दहा दिवसांनी यकृताची तपासणी झाली.

साधे सलाइन मिळालेल्या उंदरांत अपेक्षेप्रमाणे सगळे बिघडले होते. यकृतपेशी फुटल्याचे सांगणारी एएलटी आणि एएसटी ही विकरे रक्तात वाढली होती, दाह वाढवणारी द्रव्ये वाढली होती, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा दिसत होत्या. हायड्रोजन मिळालेल्या उंदरांत या सगळ्यांचे प्रमाण कमी होते. सूक्ष्मदर्शकाखालीही यकृताची हानी कमी दिसली आणि शरीराच्या स्वतःच्या संरक्षक विकरांचे काम वाढलेले आढळले.

निकाल आशादायक होता, यात शंका नाही. पण प्रयोगात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तशीच राहिली: धाग्याची गाठ. हायड्रोजनने ती सोडवली नाही आणि सोडवण्याचा प्रश्नही नव्हता. तुंबलेल्या गटाराच्या पाण्यात जंतुनाशक टाकले तर दुर्गंधी कमी होईल, पाणी वाहू लागणार नाही.

पुढचा प्रयोग त्याहून बोलका आहे आणि जाहिरातींत तो सहसा सापडत नाही. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना हायड्रोजनयुक्त पाणी प्यायला दिले आणि यकृत कडक होण्याची प्रक्रिया, म्हणजे फायब्रोसिस, थांबते का ते पाहिले. त्यांनी हानी तीन वेगवेगळ्या प्रकारांनी घडवली: कार्बन टेट्राक्लोराइड या रसायनाने, थायोअ‍ॅसिटामाइड या दुसऱ्या रसायनाने आणि पित्तनलिका बांधून. पहिल्या दोन प्रकारांत हायड्रोजनच्या पाण्याने फायब्रोसिस कमी झाला. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत मात्र असा परिणाम दिसला नाही.

दोन प्रयोग एकमेकांना खोटे ठरवतात, असे यातून म्हणता येत नाही. एकात सुईवाटे सलाइन होते, दुसऱ्यात पिण्याचे पाणी. एकात दहा दिवसांतील तीव्र इजा मोजली, दुसऱ्यात फायब्रोसिस. प्राण्यांची जातही वेगळी. पण त्यातून एक गोष्ट दिसते. हायड्रोजनचा यकृतावरील परिणाम सरसकट नाही; इजा कशाने झाली यावर तो अवलंबून असू शकतो. बाजारातली बाटली तोंडाने प्यायच्या पाण्याची असते. तोंडाने दिलेल्या पाण्याच्या या प्रयोगात, पित्ताच्या अडथळ्यापुढे ते उपयोगी पडले नाही.

उंदीर आणि रुग्ण

प्रयोगशाळेतील उंदीर आणि वॉर्डातील रुग्ण यांच्यात आणखीही फरक आहेत. मोठ्या उंदराला, म्हणजे ‘रॅट’ला, पित्ताशयच नसते. माणसात पित्ताशय काही काळ तुंबलेला दाब सामावून घेते. उंदराच्या यकृतावर तो पहिल्या क्षणापासून येतो. उंदराचा अडथळा एका क्षणात आणि पूर्ण होतो. माणसात कर्करोगामुळे नलिका हळूहळू आवळत जाते, तर खडा कधी अडकतो, कधी सरकतो. उंदीर तरुण आणि निरोगी असतो. रुग्णाचे वय बहुधा साठीच्या आसपास, सोबत मधुमेह, रक्तदाब, कधी वर्षानुवर्षांची दारू.

सर्वांत मोठा फरक म्हणजे रुग्णाची गाठ सोडवता येते. १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीतून पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत पोहोचून तिचे क्ष-किरण चित्र घेतले. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये त्याच दुर्बिणीतून नलिकेचे तोंड रुंद करण्याचे तंत्र आले. तेव्हापासून ‘ईआरसीपी’ या प्रक्रियेने खडे काढणे आणि अडथळ्यातून स्टेंट घालून पित्ताला वाट करून देणे शक्य झाले. दुर्बीण पोहोचत नसेल तर बरगड्यांच्या मधून यकृतात सुई घालून पित्त बाहेर काढता येते. म्हणजे माणसांसाठी खरा प्रश्न वेगळा आहे: वाट मोकळी केल्यावर, तिच्या जोडीला हायड्रोजन दिल्याने रुग्ण लवकर सावरतात का? बांधलेल्या नलिकेच्या उंदरांवरील प्रयोगांत हा प्रश्न विचारलेलाच नाही.

चाचणी सुधारली, रुग्ण नाही

उंदरांतील एएलटी कमी झाले, ही चांगली बातमी मानायला काय हरकत आहे? हरकत नाही, पण पित्तनलिकेच्या आजारांनी या बाबतीत डॉक्टरांना दोनदा धडा शिकवला आहे.

पहिला धडा एका औषधाचा. पित्तनलिकांना सूज येऊन त्या जागोजागी आकसत जाण्याचा एक दीर्घ आजार आहे. त्यात अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध दिले की रक्तातील यकृताच्या चाचण्या सुधारतात, हे माहीत होते. मग मोठ्या मात्रेत ते अधिक लाभ देईल, या अपेक्षेने अमेरिकेत १५० रुग्णांवर चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल धक्कादायक होता. औषध घेणाऱ्यांचे रक्ताचे अहवाल खरोखर सुधारले. पण यकृत प्रत्यारोपणाची वेळ येणे किंवा मृत्यू यांसारखे गंभीर परिणाम त्यांच्यातच जास्त आढळले. कागद सुधारत होता आणि माणूस बिघडत होता.

दुसरा धडा काविळीच्याच उपचाराचा. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी स्टेंट घालून कावीळ उतरवावी, मग शस्त्रक्रिया करावी, ही पद्धत सर्वत्र रूढ होती. तर्क बिनतोड होता, प्राण्यांवरील प्रयोगही त्याच्या बाजूने होते. नेदरलँड्समध्ये २०२ रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. २०१० च्या निकालानुसार, सरळ शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांत गंभीर गुंतागुंत झाली, तर आधी स्टेंट घातलेल्यांत ती ७४ टक्के होती. त्यानंतर नियम बदलले. आज जंतुसंसर्ग असेल, बिलिरुबिन फारच वाढले असेल, आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा शस्त्रक्रियेला उशीर होणार असेल, तेव्हा स्टेंटचा निर्णय घेतला जातो, सरसकट नाही. (याचा अर्थ डॉक्टरांनी सुचवलेला स्टेंट नाकारावा असा नव्हे. ज्यांना तो लागतो, त्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो.)

अँटिऑक्सिडंटच्या बाबतीतही हेच घडले आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ‘फ्री रॅडिकल्स वाईट, म्हणून त्यांना मारणारे सगळे चांगले’ हे गणित शरीराला मान्य नाही.

माणसांवर काय झाले

यकृताच्या रुग्णांना हायड्रोजन दिल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. दक्षिण कोरियात यकृतातील गाठींसाठी रेडिओथेरपी घेणाऱ्या ४९ रुग्णांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे हायड्रोजनयुक्त पाणी पिणाऱ्यांना उपचारांचा त्रास कमी जाणवला आणि रेडिओथेरपीच्या परिणामात उणेपणा आला नाही. चीनमध्ये २०१३ साली ‘हिपॅटायटिस बी’च्या ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सहा आठवडे हे पाणी पिणाऱ्यांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा कमी झाल्या. पण यकृताचे काम आणि विषाणूंचे प्रमाण या दोन्ही बाबतींत दोन्ही गट जवळपास सारखेच राहिले. पुन्हा तेच: एक चाचणी सुधारली, आजार होता तिथेच.

हायड्रोजनची माणसांवरील अधिक काटेकोर परीक्षा झाली ती वेगळ्याच आजारात. जपानमधील १५ रुग्णालयांत, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या पण बेशुद्ध असलेल्या रुग्णांना १८ तास दोन टक्के हायड्रोजन हुंगवण्यात आला. कोविडमुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि ७३ रुग्णांचाच निकाल २०२३ मध्ये हाती आला. मेंदू चांगला सावरलेल्यांचे प्रमाण हायड्रोजन गटात ५६ टक्के, दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. फरक दिसतो, पण रुग्णसंख्या कमी असल्याने तो योगायोग नाही असे संख्याशास्त्राने म्हणता आले नाही. ९० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र ८५ विरुद्ध ६१ टक्के होते. मोठ्या चाचणीने पुढे तपासावा, असा हा धागा आहे. म्हणूनच हायड्रोजनला थोतांड म्हणून झटकून टाकणेही योग्य नाही. तो औषध ठरेल की नाही, ते अशा चाचण्या ठरवतील. बाटली विकणारे नाही.

बाटलीचा हिशेब

नेहमीच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. वायूच्या रूपात तो भरतो जेमतेम २० मिलीलिटर. झाकण उघडले की तो उडू लागतो. वाटीभर मटकीची किंवा वालाची उसळ खाल्ल्यावर पोटातील जीवाणू याहून जास्त हायड्रोजन सहज तयार करतात, तोही फुकट. पाण्यातून मिळणारा हायड्रोजन एकदम आणि थोडा वेळ मिळतो, आतड्यातला सावकाश, त्यामुळे दोन्हींचा परिणाम वेगळा असू शकतो, असा युक्तिवाद करता येतो. मात्र तो सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते.

निरोगी माणसाने असे पाणी प्यायले तर अपाय होण्याची शक्यता फार कमी. तोटा मुख्यतः खिशाला. धोका आहे तो डोळे पिवळे झालेल्या माणसाने ते ‘यकृताचे औषध’ म्हणून सुरू करण्यात. महाराष्ट्राला हा धोका नवा नाही. गावोगावी काविळीची माळ गळ्यात घालतात आणि ती लांबत जाण्याची वाट पाहतात. कुठे हातांना चुन्याचे पाणी लावून ‘कावीळ उतरवतात’, कुठे नाकात झाडपाल्याचे थेंब घालतात. या उपायांना यश मिळाल्यासारखे वाटते, कारण दूषित पाण्यातून होणारी विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळते. अडथळ्याची कावीळ मात्र माळेने उतरत नाही आणि बुडबुड्यांनीही उतरत नाही. तेवढ्या आठवड्यांत शस्त्रक्रियेने काढता आली असती अशी गाठ कधी कधी शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली असते. माळेची जागा बाटलीने घेतली, एवढाच फरक.

वेळ कुठे महत्त्वाची

कावीळ झाल्यावर पहिला प्रश्न ‘औषध कोणते’ हा नसून ‘प्रकार कोणता’ हा असतो. त्याचे उत्तर महाग नाही. बिलिरुबिनचे दोन्ही भाग, एएलटी, एएसटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तचाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक वेळा दिशा कळते. नलिका फुगलेल्या दिसल्या की अडथळा आहे, असे समजून पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी करून जागा आणि कारण शोधले जाते.

काही लक्षणांत थांबणे परवडत नाही. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पोटात न दुखता कावीळ वाढत असेल, वजन घटत असेल, अंगाला खाज असेल, तर ‘दुखत नाही म्हणजे साधी कावीळ’ असे मानू नये. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद कूर्व्हॉयझिए यांनी १८९० मध्येच नोंदवले होते, की काविळीत पित्ताशय फुगून हाताला लागत असेल तर त्यामागे खडा असण्याची शक्यता कमी असते. अशा रुग्णात कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो.

सर्वांत कमी वेळ असतो तो बाळांकडे. जन्मानंतरची साधी कावीळ बहुतेक बाळांत दोन आठवड्यांत मावळते. त्यानंतरही डोळे पिवळे असतील, शी पांढुरकी होत असेल आणि लंगोटावर लघवीचा पिवळा डाग पडत असेल, तर बाळाला कोवळ्या उन्हात धरून बसण्यात दिवस घालवू नयेत. पित्तनलिका बुजण्याच्या आजारावर जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये शस्त्रक्रिया जगासमोर आणली. ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर यकृत प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. तैवानने २००४ पासून देशभरातील मातांना शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड द्यायला सुरुवात केली. आईने रंग ताडून पाहायचा आणि फिका वाटला तर कळवायचे. या साध्या छापील कार्डाने तिथे निदान लवकर होऊ लागले.

हायड्रोजनवरील संशोधन चालू राहील आणि राहायला हवे. उद्या एखाद्या मोठ्या चाचणीत स्टेंटनंतर किंवा यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा उपयोग सिद्ध झाला, तर तो रुग्णालयात, मोजलेल्या मात्रेत, इतर उपचारांच्या जोडीला दिला जाईल. पण तेव्हाही पित्ताची अडलेली वाट आधी मोकळी करावी लागेल. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर बाटलीची ऑर्डर देण्याआधी शौचाचा आणि लघवीचा रंग विचारावा आणि सोनोग्राफीची चिठ्ठी घ्यायला दवाखान्यात जावे.